सासऱ्यांनी मला बंदूक घ्यायला नेलं

मंडळी, आत्ताच जळगावहून धरणगावला परतलोय.

मी फटाका वाजला तरी कान झाकणारा माणूस. पण शेतात रानडुकरं येतात, जावयाकडे बंदूक हवीच, हा सासऱ्यांचा, म्हणजे नानांचा, हट्ट. परवानाही नानांनीच खटपट करून मिळवून दिला. आज थेट बंदुकीच्या दुकानात.

शेठजींनी बंदूक उघडून, रिकामी असल्याचं दाखवून माझ्या हातात दिली. मी नानांकडे वळलो, तर नळीही त्यांच्याकडे वळली!

"नळी खाली!" शेठजी ओरडले. "रिकामी असली तरी माणसावर धरायची नसते. आज ही तुम्हाला देणार नाही."

सुटलो, असं वाटलं. नाना शांतपणे म्हणाले, "काही हरकत नही, जवाईबापू. सोमवारले परत येऊ."

बंदूक हातात होती, तेव्हाही मला सासऱ्यांना 'नको' म्हणता आलं नाही. तुम्ही म्हणाला असता?