आधी कोण बोललं

आमच्या बागवसाहतीत, म्हणजे शहराच्या कडेला भाड्याने मिळणाऱ्या छोट्या बागांच्या वसाहतीत, कोणी कोणावर विश्वास ठेवत नाही, आणि त्याला कारणं आहेत. कुंपणाची झाडी कमरेच्या वर गेली की तक्रार, दुपारी गवत कापायचं यंत्र लावलं की तक्रार. अध्यक्ष म्हणून जो निवडून येतो तो आठवडाभरात मोजपट्टी घेऊन हिंडायला लागतो. माझा नवरा असताना आम्ही झोपडीला हातभर पत्रा वाढवला होता, तो उतरवावा लागला. चुगली कोणी केली ते कळलं नाही. म्हणून मी डावीकडच्या आणि उजवीकडच्या दोन्ही शेजाऱ्यांवर संशय ठेवून होते, समोरच्यांवरही थोडा.

उजवीकडचे शेजारी म्हणजे आयलर्ट ऑस्मर्स. ब्रेमेनच्या बंदरात कॉफीच्या गोदामात त्यांनी जन्मभर पोती हलवली. लग्न केलेलं नाही, नातेवाईक कधी कोणी फिरकलं नाही. शेजारी म्हणून त्रास शून्य, पण माणूस विचित्र. आत बसून निवांत बिअर पिता यावी म्हणून आम्ही सगळे कुंपण जेवढं वाढवता येईल तेवढं वाढवतो. ऑस्मर्सनी आपलं गुडघ्याएवढं ठेवलं होतं, आणि खुर्ची कायम फाटकाकडे तोंड करून. वाटेवरून येणारा माणूस त्यांना पार वळणावर दिसायचा. उन्हाळ्यातल्या जेवणावळीत कोणी फोटो काढायला लागलं की त्यांना हटकून चुलीवरच्या बटाट्यांची आठवण यायची.

आणि पीट. आमच्याकडची माती चिकट, त्यामुळे वसंतात सगळेजण पीटची पोती आणतात, ती दलदलीतून खणून काढलेली काळी भुसभुशीत माती. ती मिसळल्याशिवाय गाजर सरळ वाढत नाही. ऑस्मर्स कधी एक पोतं घ्यायचे नाहीत. एकदा मी उरलेलं अर्धं पोतं त्यांच्या फाटकाशी ठेवलं, तर सकाळी ते माझ्या फाटकाशी परत. फुकट दिलेलंही नको, म्हणजे हा अहंकार कसला? त्यांची गाजरं जन्मभर वाकडीच आली.

माझा नवरा म्हणायचा, हा माणूस नक्की हिटलरच्या एस.एस.मध्ये असणार. फोटो नको, लढाईच्या दिवसांचं बोलणं नको, म्हणजे कुठल्यातरी छावणीवर पहारेकरी असणार. वसाहतीत हे सगळ्यांना पटलं होतं. एकमताने पटलेली आमची बहुधा तेवढी एकच गोष्ट.

पंचाण्णव सालच्या मे महिन्यात मी रुबार्बच्या कांड्या तोडत होते, तेव्हा एक तिशीतली बाई आणि खांद्यावर जडशी पिशवी घेतलेला एक माणूस वाटेवरून आले. मला वाटलं, झालं, जमिनी मोजायला आले. पण त्यांना ऑस्मर्स हवे होते. काय काम म्हणून विचारलं, तर बाई म्हणाली, खाजगी आहे. मग काय, मी रुबार्ब सोडून कुंपणालगतची गाजरं विरळायला घेतली.

ऑस्मर्सनी आधी तिचं ओळखपत्र मागितलं. दोन्ही बाजूंनी वाचलं. मग त्या पिशवीवाल्याचंही वाचलं. कोणी पाठवलं, पत्ता कुठून मिळाला, आणखी कोणाला ठाऊक आहे, असं एकेक विचारत गेले. तिचं नाव फ्रीडेरिके, ती माहितीपट बनवत होती. कशावर, ते तिने इतक्या हळू सांगितलं की मला ऐकू आलं नाही. पुढचं मात्र आलं.

"लेअरच्या उब्बो टामेनांनी तुमचं नाव सांगितलं," ती म्हणाली. "त्यांनी सगळं सांगितलंय. तुम्ही फक्त दुजोरा द्यायचा."

बिचारी चांगल्या मनाने म्हणाली, की म्हाताऱ्याला फार त्रास नको. पण ऑस्मर्सच्या हातातली कात्री गळून पडली. या नावाचा कोणीही मला माहीत नाही, असं म्हणून त्यांनी दोघांना वाटेवर काढलं, आणि गुडघाभर कुंपणाच्या त्या फाटकाला कुलूप लावून झोपडीत निघून गेले.

फ्रीडेरिके माझ्याकडे आली. तिचा चेहरा पडला होता. तिने फोन नंबर दिला, त्यांना द्या म्हणाली. मी विचारलं, या माणसाने केलंय तरी काय? "त्यांनी काहीही केलेलं नाही," ती म्हणाली, आणि त्यापुढे एक अक्षर नाही. मला तिचा राग आला आणि थोडं कौतुकही वाटलं.

संध्याकाळी ऑस्मर्स माझ्या फाटकात उभे. इतक्या वर्षांत ते कधी आत आले नव्हते. आता आले आणि माझीच उलटतपासणी सुरू केली. तिने काय विचारलं, मी काय सांगितलं, गाडी कुठल्या गावची होती, त्या पिशवीवाल्याने बागेकडे बघून काही टिपून घेतलं का.

"ऑस्मर्स, मला अटक झालीय का?" मी विचारलं.

ते बाकावर बसले. मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते टोप्यांच्या दुकानात कामाला होते आणि उब्बो टामेना चहाच्या एका व्यापाऱ्याकडे कारकून होता. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं. एवढं एका दमात बोलून ते थांबले, माझ्या तोंडावर काय उमटतंय ते बघायला. काय उमटलं कोण जाणे. मी म्हटलं, पुढे?

सदतीस साली कोणीतरी कळवलं आणि गेस्टापोने, हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, दोघांना एकाच दिवशी उचललं. वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलं. तिथल्या अधिकाऱ्याने ऑस्मर्सना शब्दाला शब्द तेच वाक्य सांगितलं होतं, टामेनाने सगळं सांगितलंय, तुम्ही फक्त दुजोरा द्यायचा. ऑस्मर्सनी दुजोरा दिला. असल्या खोल्यांत काय चालायचं ते आम्ही सगळे ऐकून आहोत, म्हणून त्याबद्दल मी काही विचारलं नाही. त्यानंतर तुरुंग, मग एम्स नदीकडच्या दलदलीतल्या छावण्या. तिथे दिवसभर पाण्यात उभं राहून पीट खणायचं. मला माझं अर्धं पोतं आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे साक्सेनहाउझनची छावणी, छातीवर गुलाबी त्रिकोण, पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांची खूण.

लढाई संपली, पण असं प्रेम गुन्हा ठरवणारं कलम संपलं नाही. बाकीचे सुटले ते छळ सोसलेले म्हणून, हे सुटले ते गुन्हेगार म्हणूनच. टोप्यांच्या दुकानाने परत घेतलं नाही. काही वर्षांनी एका बिअरच्या दुकानात एक गोड बोलणारा तरुण शेजारी येऊन बसला, ओळखीपाळखी विचारू लागला, आणि तो साध्या कपड्यातला पोलीस निघाला. पुन्हा आठ महिने आत. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. या माणसाचं ताकानेही पोळलं होतं.

"आणि हा टामेना?" मी विचारलं.

एकोणपन्नास साली तो गोदामाच्या फाटकाशी येऊन उभा राहिला होता. टोपी हातात घेऊन. ऑस्मर्स त्याच्या अंगावरून पुढे निघून गेले. "ज्याने मला विकलं त्याच्याशी काय बोलायचं?" ते म्हणाले. "आणि आता त्याने दुसऱ्यांदा विकलंय."

संशय घेण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, आणि त्या संध्याकाळी तो गुण पहिल्यांदा कोणाच्या कामी आला. मी म्हटलं, "आमच्या पत्र्याच्या वेळी अध्यक्षांनी मला हेच सांगितलं होतं. शेजारी बोललेत, तुम्ही नुसतं हो म्हणा. मी हो म्हटलं, आणि तेव्हापासून सगळ्या शेजाऱ्यांवर डूख धरून आहे. तुमच्यावरसुद्धा. पण ऑस्मर्स, कोणी काही बोललंच नसेल तर?"

त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं, उठून फाटकापर्यंत गेले, परत आले. "त्या मुलीला फोन करा," ते म्हणाले. "तुम्हीच करा, माझा आवाज नको."

रविवारी दोघं पुन्हा आले, बॅटरीवर चालणारा, टेप लावता येणारा छोटा टीव्ही घेऊन. ऑस्मर्सच्या अटी आधीच कळवलेल्या होत्या. कॅमेरा पिशवीत राहील, पिशवीची चेन बंद राहील, आणि बेहरेन्सबाई, म्हणजे मी, सगळा वेळ हजर राहीन. मी बटरकेक भाजून नेला होता. त्याला कोणी हात लावला नाही.

टीव्हीवर एक म्हातारा दिसला. कानात यंत्र, अंगात विणलेलं जाकीट, समोर चहा. ऑस्मर्सनी डोळे बारीक केले. "हा कोणीही असेल," ते म्हणाले. "म्हाताऱ्यांना काय तोटा आहे?"

तेवढ्यात त्या म्हाताऱ्याने कपात खडीसाखर टाकली, वर साय सोडली आणि चमच्याने सगळं ढवळलं. मी थक्क. लेअरकडचा माणूस मरेल पण चहा ढवळणार नाही. साखर तळाशी आणि साय वर, तशीच पितात ती माणसं. बघते तर ऑस्मर्स खुर्ची टीव्हीजवळ ओढत होते.

"तोच आहे," ते म्हणाले. "त्याची आई याच्यावरून त्याला घराबाहेर काढायची."

टामेना सावकाश बोलत होता. गेस्टापोवाले त्याला रोज सांगायचे, ऑस्मर्स सगळं बोललाय, आता तू हो म्हण. तो म्हणायचा, साफ खोटं, आयलर्ट बोलणार नाही. त्यासाठी त्याने मार खाल्ला, एका कानाने ऐकू येईनासं झालं. मग एक दिवस त्यांनी निळ्या टॉवेलचं सांगितलं. घरमालकीण बाहेर गेली की ऑस्मर्स आपल्या खिडकीत निळा टॉवेल वाळत टाकायचे. ती खूण जगात दोघांनाच माहीत होती. ती ऐकल्यावर त्याने कबूल केलं.

"मला त्याचा राग नाही," टीव्हीतला म्हातारा म्हणाला. "तो फार नाजूक होता हो. टॉवेलपर्यंत पोचायला त्यांनी त्याला किती मारलं असेल, याचा विचार करतच मी म्हातारा झालो. एकोणपन्नासला तेवढंच विचारायला गेलो होतो. फार मारलं का रे?"

फ्रीडेरिकेने टीव्ही बंद केला. ऑस्मर्स म्हणाले, शेवटचं पुन्हा लावा. तिने लावलं. ते संपल्यावर ते पिशवीवाल्याकडे वळले आणि म्हणाले, "कॅमेरा काढा."

त्याने तो उभा केला. मी उठायला लागले तर ऑस्मर्सनी माझी बाही धरली. कुठे बघायचं, ते त्यांनी विचारून घेतलं.

"उब्बो," ते म्हणाले, "मला मारलं नाही. बोटसुद्धा लावलं नाही. त्यांनी मला खुर्ची दिली, सिगारेट दिली आणि म्हणाले, टामेना बोललाय. मी लगेच खरं मानलं. पहिल्याच दिवशी, जेवायच्या आधी. टॉवेलचं त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं. रागाच्या भरात मीच सांगितलं."

मला रडू आलं, आणि ते लपवायला जागा नव्हती. फ्रीडेरिके हलक्या आवाजात म्हणाली, ऑस्मर्ससाहेब, हा भाग तुम्हाला नको असेल तर आपण वगळू शकतो. त्यांनी तिच्याकडे पुन्हा तसंच पाहिलं, ओळखपत्र वाचताना पाहिलं होतं तसं.

"बाकीचं काय हवं ते कापा," ते म्हणाले. "एवढं कापायचं नाही. या बाई साक्षीला आहेत. आणि हे आधी त्याला दाखवा, एकट्याला. हे ऐकूनही यायचं म्हणाला तर त्याला सांगा, मी रोज इथेच असतो."