मुद्देमालातली कासवं

चंद्रपूरला लागून असलेला आमचा मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव, गाळानं भरला होता. तो उपसावा म्हणून वस्तीतून सह्या मीच गोळा केल्या. शाळेत जीवशास्त्र शिकवते मी, आणि पाणी आटलं की कासवं त्याच मातीखाली पावसाची वाट बघत झोपतात हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्याची लाज अजून जात नाही.

पहिल्याच दिवशी जेसीबीनं एका कासवाचे दोन तुकडे केले. कामावरचे इंजिनिअर साहेब म्हणाले, "मॅडम, पाणीच नाही तर कासव कुठून येईल?" तुकडे त्यांच्या बुटांपाशीच पडले होते.

मग मी वस्तीतल्या, तलावात मासेमारी करणाऱ्या म्हाताऱ्या ढिवरभाऊंना बोलावलं. तरुणपणी ते सळईनं माती टोचून कासवं शोधायचे आणि खायचे, हे त्यांनी कधी लपवलं नाही. आता ते सळई घेऊन यंत्राच्या पुढं चालू लागले. "गोट्याले लागली त टन्न वाजते बाई, कासवाले लागली त धप," असं त्यांनी मला समजावलं. दुपारपर्यंत घमेल्यात चार कासवं होती, चारही जिवंत.

तेवढ्यात वनरक्षक आला. कासव पकडणं गुन्हा आहे, आणि असायलाच हवा. पण त्यानं भाऊंची सळई जप्त केली, घमेलं जप्त केलं आणि कासवं मुद्देमाल म्हणून लिहून घेतली. "आणि यंत्र कापतंय त्याचं काय?" मी विचारलं.

"ते सरकारी काम आहे."

माझं डोकंच फिरलं. भाऊंना समज देऊन सोडलं. जाताना ते एवढंच म्हणाले, "आता मशीनच्या पुढी कोन चालन?"

दुसऱ्या दिवशी मी घरची पडद्याची सळई घेऊन गेले. भाऊ माझ्या शेजारून चालत होते, हात पाठीमागे धरून, कशालाही न शिवता. मी टोचायला वाकले की ड्रायव्हर न सांगता इंजिन बंद करायचा.

"गोटा," भाऊ म्हणायचे. "हाबी गोटाच." मग एकदम, "थांबा. आता हातानं काढा, धीरे."

माती बाजूला केली. कासवानं मान आत ओढून घेतली. वनरक्षक तलावाच्या बांधावर, पाळीवर, उभा होता. मी ते कासव दोन्ही हातांत धरून त्याच्यासमोर नेलं आणि म्हटलं, "घ्या, आता माझं नाव लिहा."