बेडूकताईच्या मानेतली नळी

माझ्या मुलीला खऱ्या नावाने हाक मारणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही. तरणतलावावरची मुलं तिला बेडूकताई म्हणतात, त्यांच्या आया म्हणतात, आणि परवा परवा इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनीही म्हटलं.

ती लहान मुलांना पोहायला शिकवते. सकाळी तलावाच्या काचेच्या छताखाली पाण्यावर वाफ तरंगत असते, भिंतींवर उजेडाची जाळी हलत असते आणि प्रत्येक आवाज गोल होऊन परत येतो. त्या वाफेत कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ती म्हणते, "तोंड पाण्यात. श्वास धरायचा. एक बेडूक, दोन बेडूक..." सेकंद म्हटलं की मुलं घाई करतात, बेडूक म्हटलं की सावकाश मोजतात, असं तिचं म्हणणं.

मला पाण्याची भीती. तरी मी बाकावर जाऊन बसते. तिचं डोकं पाण्याखाली गेलं की मीही श्वास धरते.

"आई, तू कोरड्या बाकावर बुडतेस," ती म्हणते.

या उन्हाळ्यात तिला ताप आला आणि उतरेना. रक्तातच जंतू शिरले होते. टोचून टोचून हातांच्या शिरा सापडेनाशा झाल्या, तेव्हा औषधासाठी मानेतल्या मोठ्या शिरेतून छातीपर्यंत एक नळी घातली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "इथे दुखतंय गं," आणि छातीवर बोट ठेवलं. सिस्टरने नळीतून रक्त ओढून पाहिलं. येईना. औषध लगेच थांबवलं आणि तिला खाटेसकट तपासणीला नेलं. नळीचं टोक शिरेला भोक पाडून बाहेर गेलं होतं.

"मग काढा ना ती!" मी ओरडले. माझा हात तिच्या मानेकडे गेला असावा, कारण सिस्टरने माझं मनगट पकडलं.

"काकू, हात लावू नका. भोक तिनेच पाडलंय, पण आत्ता त्याला बूच पण तीच आहे. ओढली तर आतल्या आत रक्त वाहायला लागेल."

काट्याने काटा काढतात हे मला ठाऊक होतं. रुतलेला काटा तसाच जपायचा असतो, हे कुणी शिकवलं नव्हतं. मी त्या नळीकडे वैरिणीकडे बघावं तशी बघत बसले आणि मनातल्या मनात तिलाच विनवत राहिले, बाई गं, जागची हलू नकोस.

रक्तवाहिन्यांचे डॉक्टर आले. चष्मा कपाळावर चढवलेला, आवाज अगदी हळू. ते खाटेच्या कडेला टेकले.

"छाती उघडून भोक शिवता येईल. पण आधी दुसरा रस्ता बघू. मांडीतल्या शिरेतून एक बारीक तार वर न्यायची. तिच्यावरून एक मिटलेली जाळी, कापडाचं अस्तर लावलेली. ती भोकापाशी पोचली की माझा सहकारी मानेतली नळी मागे ओढेल, आणि लगेच मी जाळी उघडेन. आतून ठिगळ."

"आणि नाही बसली तर?" मी विचारलं.

"फुगा तयार असेल. तो फुगवून शीर तेवढ्यापुरती बंद करता येते. शस्त्रक्रियेची माणसंही बाजूलाच उभी असतील." मग ते तिच्याकडे वळले. "तुम्ही जाग्या असाल. छाती हलली की आमचं पडद्यावरचं चित्र हलतं, म्हणून श्वास धरावा लागेल."

"त्याची काळजी नको," ती म्हणाली. ओठ सुकलेले, तरी हसली. "पण मोजा तुम्ही. बेडूक मोजा." आणि कसे ते सांगितलं, मुलं आपल्याला काय म्हणतात तेही सांगितलं.

"आम्हाला कॉलेजात बेडूक कापायला शिकवलं हो," डॉक्टर म्हणाले, "मोजायला नाही."

तिला आत नेलं. बाहेर निळी फरशी होती आणि औषधांचा वास थेट तलावासारखा. मी बाकावर बसले. दार नुसतं लोटलेलं होतं, आतलं बोलणं कुठल्याशा स्पीकरवरून झिरपत होतं. मी डोळे मिटले आणि ती निळी फरशी पाणी होऊन माझ्या घोट्यांपर्यंत, गुडघ्यांपर्यंत चढत आली. खूप खाली तळाशी माझी मुलगी उताणी पडलेली, केस पसरलेले, आणि तिच्या आतून एक बारीक तार पाणवेलीच्या देठासारखी उजेडाकडे वाढत चाललेली. कुणालाच घाई नव्हती.

"श्वास घ्या. धरा."

मीही धरला.

"एक बेडूक." आवाज गोल होऊन आला. "दोन बेडूक. ओढा नळी. तीन बेडूक..."

आणि ते मोजायचे थांबले.

पाण्यावर एकही बुडबुडा नव्हता. माझी छाती फुटायला आली, पण मी श्वास सोडला तर तिथे खाली काहीतरी उसवेल असं वाटत राहिलं. वेलीच्या टोकाशी एक कळी होती. ती उमलते आहे की नाही ते दिसेना.

"उघडली. रंग सोडा." मग थोड्या वेळाने, "गळती नाही. बेडूकताई, सोडा श्वास."

पाणी सरकन उतरलं. माझ्या पायांखाली फरशी होती, चपला कोरड्या होत्या.

नंतर डॉक्टरांनी दोन चित्रं दाखवली. पहिल्यात, शिरेत सोडलेला तपासणीचा रंग तिच्या कुशीतून शाई सांडावी तसा धुरकट बाहेर पसरलेला. दुसऱ्यात नुसती एक सरळ, शांत, काळी नदी. मुलीने त्यांच्याकडे तक्रार केली, "चौथा बेडूक गिळलात तुम्ही."

"घसा कोरडा पडला होता," ते म्हणाले.

आता जाळी आत आहे, रक्त पातळ ठेवायची गोळी आहे, मानेवर तांदळाएवढा डाग आहे. पाण्यात उतरायला अजून परवानगी नाही, म्हणून ती काठावर बसून शिकवते. पाण्यात दुसऱ्या बाई असतात. आज एक नवी चिमुरडी कठडा घट्ट धरून भोकाड पसरून रडत होती. माझ्या शेजारची तिची आई उठलीच. "काढते मी तिला बाहेर!"

मी तिचं मनगट धरलं. "हात लावू नका हो. बसा जरा."

"अहो, पण रडतेय ती!"

"रडू दे. धरलंय ना तिने, सुटेल तेव्हा सुटेल. बाई आहेत जवळ."

बेडूकताईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पाहतच राहिली. मग पुन्हा पोरीकडे वळून तिने मोजायला सुरुवात केली. एक बेडूक. दोन बेडूक. तिसऱ्याला पोरीने एक हात सोडला. आम्ही दोघी आया बाकावर श्वास धरून बसलो होतो.

"चार बेडूक," माझी मुलगी म्हणाली. तिने गिळला नाही.