मामांनी लावलेला कौल

देव नाही, ही गोष्ट आमच्या मामांइतक्या भक्तिभावाने सांगणारा माणूस अख्ख्या आंबेगाव तालुक्यात सापडायचा नाही. हे माझ्या बायकोचे मामा. राहतात शिनोलीत. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि आता भेटेल त्याला शिकवतात. गाडी घेतली तीसुद्धा मुद्दाम अमावास्येला. घरी येता येता ती रस्त्यात बंद पडली, तेव्हा मामाच आधी ओरडले, "क्लच गेलाय! अमावस्येचा काय संबंध न्हाई!" कुणी काही म्हटलंही नव्हतं. सत्यनारायण मात्र ते एकही चुकवत नाहीत. पूजेकडे पाठ करून बसतात आणि प्रसाद दोनदा घेतात. "शिऱ्यानं काय केलंय?" असं वर विचारतात.

त्यांचं मूळ घर वर, आहुप्याच्या बाजूच्या एका वाडीत. वाडीला लागून वनदेवाची राई आहे. तिथलं वाळकं पानसुद्धा घरी न्यायचं नाही हा जुना नियम, आणि वाडीतले भाविक पाळत नसतील इतक्या कडकपणे तो मामा पाळतात. राईच्या तोंडाशी वहाणा काढतात. का म्हणून विचारलं तर म्हणतात, "खाली बिया रुजत्यात. चिरडाय नकोत." एकदा मी तिथली एक वाळकी काठी हातात धरायला म्हणून उचलून आणली. शिनोलीत ती दिसताच मामांनी मला चहासुद्धा न देता परत वर पिटाळलं. मी वैतागून म्हणालो, "मामा, देव नाही ना? मग रागावणार कोण?"

"मी रागवंन, पावणं. मी हाय की हितं!"

वाडीत काही मोठं ठरवायचं असलं की देवाला कौल लावतात. शेंदराच्या दगडाला दोन्ही अंगांनी ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी गळालं तर होकार, डावं गळालं तर नकार. फुलं लावायचा मान मामांच्या घराण्याचा. पण वडील गेल्यावर मामांनी तो साफ नाकारला. "फूल वाऱ्यानं पडतं," एवढं बोलून त्यांनी तो धाकट्या भावाकडे दिला.

मागच्या वर्षी वाडीने सिमेंटचं मोठं देऊळ बांधायचं काढलं. त्यासाठी राईतली जुनी झाडं पाडावी लागणार होती. मामा बैठकीला गेले आणि झाडांची मुळं, त्यांनी धरलेली माती, राईतला झरा, सगळं जीव तोडून समजावून आले. लोकांनी माना डोलावल्या. "सर, तुमचं बराबर हाय. पन देवाचं देऊळ, देवालाच इचारू." त्या दिवशी मामा जेवले नाहीत. आम्ही तेव्हा शिनोलीतच होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले, "गाडी काढा, पावणं. कौल मी लावनार."

धाकट्या भावाने फुलांचं ताट त्यांच्या हातात दिलं. मी त्यांच्या बोटांवर डोळा ठेवून होतो. उजवं फूल जरा जोरात दाबून चिकटवलं असतं तर डावं आधी गळून काम झालं असतं, आणि खरं सांगतो, त्यांनी ते करावं असं मला फार वाटत होतं. पण मामांनी दोन्ही फुलं अगदी सारखी लावली आणि हात जोडायचे की नाही हे न कळून ते तसेच उभे राहिले. बऱ्याच वेळाने डावं फूल गळालं. "नगं म्हनतोय देव," कुणीतरी म्हणालं. देऊळ रस्त्यापलीकडच्या माळावर बांधायचं ठरलं आणि माणसं आपापल्या घरी पांगली.

येताना मी त्यांना छेडलं, "काय मामा, वाऱ्यानंच पडलं ना?"

घाट उतरताना मामांनी खिडकीची काच खाली केली. "वारा न्हवता." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी इतकी वर्सं वरडलो, कुनी ऐकलं न्हाई. फुलाचं ऐकलं. झाडं वाचली, लई बरं वाटलं. पन मग मी कशाला वरडत व्हतो, पावणं?"

पुण्यात आमच्या फ्लॅटमध्ये इंटिरियरवाल्याने बसवून दिलेलं छान देवघर आहे. पण पाऊल टाकण्याआधी पायांतल्या चपला आपोआप निघाव्यात, अशी एकही जागा माझ्याकडे नाही. त्या दिवशी मला मामांचा हेवा वाटला.

मामा अजूनही देव नाही असंच सांगतात. फक्त राईजवळ असले की आवाज खाली आणतात, आत कुणी निजलेलं असावं तसा.