साडूभाऊंची मोजपट्टी

कालव्याच्या चारीत मातीनं भरलेलं पोतं टाकणारा माणूस मीच. असलं काम गावात कोण करील, असं कुणाला विचारलं असतं तर दहा नावं निघाली असती आणि त्यात माझं नसतं, कारण मी शाळेत शिकवतो आणि दर पौर्णिमेला विहारात सगळ्यांच्या पुढे बसून पंचशील म्हणतो. पण टाकलं मीच, भर दुपारी, चपला हातात धरून. ते का टाकलं हे सांगायचं तर आधी माझ्या साडूभाऊंबद्दल सांगावं लागेल. येलदरी धरणाच्या पाण्यावर जगणाऱ्या सगळ्या गावांत इतका सरळ माणूस दुसरा जन्मला नसेल, आणि असा माणूस ज्याच्या जवळच्या नात्यात येतो त्याचे काय हाल होतात ते मला विचारा.

आमच्या बायका सख्ख्या बहिणी. सासऱ्यांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी जमीन दोघींना वाटून दिली. थोरल्या अक्काला, म्हणजे साडूभाऊंकडे, चारीच्या तोंडाशी असलेलं वावर गेलं, आणि आम्हाला अगदी शेवटचं, टेलचं मिळालं. तिथं पाणी पोचायचं म्हणजे वरच्या सगळ्यांचं पोट भरून काही उरलं तर. साडूभाऊ तेव्हा पूर्णेजवळच्या एका रेल्वे फाटकावर गेटमन होते. निवृत्त होऊन गावी आले ते शिट्टी, लाल-हिरवी झेंडी आणि चोवीस तासांचं घड्याळ घेऊन. त्यांच्या तोंडी संध्याकाळचे पावणेसहा कधी वाजत नाहीत, सतरा पंचेचाळीस होतात. अक्का सांगते, "गरम भाकर वाढली तरी बसून राहतेत. म्हणतेत, अजून चार मिन्टं हायत."

अशात गावात पाणी वापर संस्था निघाली. धरणातून गावाला दर आवर्तनात ठरलेलं पाणी मोजून मिळणार, ते आपसात वाटायचं आणि त्याची पाणीपट्टी संस्थेनं गोळा करायची, अशी रीत. संस्थेची नियमावली मी लिहिली. तीन रविवार बसून, शाई न फुटू देता. अध्यक्ष कोण होणार याविषयी माझ्या मनात शंका नव्हती, त्या दिवशी मी इस्त्रीचा सदराही घातला होता. पण बैठकीत कुणीतरी म्हणालं, "दाजीला करा की, त्येंनी जल्मभर फाटकच सांभाळलंय." सगळे हसले, आणि हसता हसता हात वर गेले. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, तिच्यामागे सगळं गाव म्हणतं. मी टाळ्या वाजवल्या. नियमावली अजून माझ्याच अक्षरात आहे.

अध्यक्ष झाल्या झाल्या साडूभाऊंनी पहिली गोष्ट केली ती ही, की पाणी टेलकडून द्यायचं. सगळ्यात आधी शेवटचं वावर, मग त्याच्या वरचं, असं करत तोंडाकडे यायचं. म्हणजे पहिला मी आणि शेवटचे ते स्वतः. माझ्या गव्हाला वेळेवर पाणी मिळालं ते जन्मात पहिल्यांदा. खरं तर मी त्यांच्या पायाच पडायला हवं होतं. पण माझी खरी अडचण तीच होती, की तक्रार करायला मला कुठं जागाच राहिली नाही. दुसरी गोष्ट त्यांनी केली ती पाणीपट्टीची. पूर्वी ती एकरावर असायची, त्यामुळे जो तो रान तुडुंब होईपर्यंत पाणी सोडून घरी झोपायला जाई. साडूभाऊंनी ती तासावर लावली. एक म्हातारबा बैठकीत उठून म्हणाले, "नदीचं पाणी हाय, त्येला कसलं मोल लावायलाव?" साडूभाऊ म्हणाले, "नदीचं फुकटच हाय, बाबा. घागर घिऊन येलदरीला जावा. हे हितवर आनलेल्या पान्याचं हाय." म्हातारबा बसले, आणि पुढच्या पाळीला वावरात खुर्ची टाकून घड्याळ बघत बसले.

तिसरी गोष्ट समाजमंदिराच्या भिंतीवरचा काळा फळा. ज्याला आपली पाळी नको असेल त्यानं तास लिहायचे, ज्याला हवी त्यानं पुढे नाव टाकायचं. बदल्यात पुढच्या आवर्तनातले तास, नाहीतर कडबा, नाहीतर नांगरट, काय ते दोघांनी ठरवायचं. फक्त संस्थेच्या दराहून जास्त मोल घ्यायचं नाही, आणि सौदा साडूभाऊंसमोर करायचा. गयाबाई म्हणून एकट्या राहणाऱ्या बाई आहेत, त्या दर वेळी आपल्या दोन तासांतला एक फळ्यावर लावतात आणि त्यावर वर्षाची नांगरट करून घेतात. बारा वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे दोन भाऊ फळ्यावरून पाणी देऊ-घेऊ लागले. या व्यवहारात साडूभाऊ इतके मुरले, की त्यांना जगातल्या प्रत्येक वस्तूची किंमत पाण्याच्या पाळ्यांत दिसू लागली. मी नवीन मोबाइल घेतला तेव्हा त्यांनी तो उलटा-पालटा करून पाहिला आणि म्हणाले, "गुरुजी, लय झालं. चार एकर गव्हाची शेवटची पाळी हाय ही."

घरात तर विचारू नका. पाहुणा आला की इतर घरांत आधी पाण्याचा तांब्या पुढे होतो, साडूभाऊ आधी विचारतात, "अर्धा का पूर्ण?" उष्टा अर्धा पेला त्यांना बघवत नाही, तो ते स्वतः उचलून कढीपत्त्याच्या झाडाला घालतात आणि पाहुण्याकडे असं बघतात की पाहुणा पुढच्या वेळी घरून पिऊन येतो. माझ्या मुलीच्या लग्नात वाढपाची जबाबदारी त्यांनी मागून घेतली आणि पंगतीला टेलकडून वाढायला सुरुवात केली. वरच्या टोकाला बसलेले व्याही रिकाम्या पत्रावळीकडे बघत राहिले.  साडूभाऊ मात्र भाताची बादली घेऊन शेवटच्या लेकरांपासून शांतपणे वर सरकत होते. गंमत अशी, की व्याही आजही माझ्याशी बोलताना आधी त्यांचीच चौकशी करतात. "तुमचे साडू काय माणूस हाय हो." रस्त्यात भेटणारा जो तो म्हणतो, "जयभीम गुरुजी, दाजी कुठं हायत?" घरी बायको म्हणते, "दाजींनी सगळ्या गावाला पाणी पुरवलंय, आन् तुमाला घरच्या चार मानसांना नळाचं पुरवता येईना." पंचवीस वर्षं मी या गावाच्या मुलांना वाचायला शिकवलं. पण कुणी म्हणत नाही, की गुरुजींनी आमचं अक्षर सुधारलं.

मला त्यांचं काही हिसकावून घ्यायचं नव्हतं. फक्त एकदा, एकदाच, लोकांच्या तोंडून ऐकायचं होतं, की दाजी चुकले.

चारी जिथं सुरू होते तिथं सिमेंटच्या भिंतीवर मोजपट्टी आहे. पाणी तिच्यावर किती चढलं ते सकाळी सहाला आणि सायंकाळी अठराला वाचायचं, त्यावरून किती पाणी आलं ते रजिस्टरात मांडायचं. पट्टीच्या पुढे चारी अरुंद होते. तिथं अडथळा आला की पाणी मागे तुंबतं आणि पट्टीवर उंच दिसतं. येत असतं तेवढंच, उलट जरा कमीच, पण दिसतं जास्त. गेल्या वर्षी धरणात साठा कमी होता, गव्हाच्या शेवटच्या पाळीचा हिशोब अगदी काटेकोर होता. तेव्हा मी ते पोतं टाकलं. साडूभाऊंचा आकडा पाटबंधारे खात्याच्या कार्यालयातल्या आकड्याशी जुळणार नाही, बैठकीत जरा हशा होईल, एवढाच माझा विचार. पाणी कुणाला आधी मिळतं आणि कुणाला शेवटी, हे मी, नियमावली लिहिणारा माणूस, विसरून गेलो.

रजिस्टराप्रमाणे गावाचा कोटा एक दिवस आधीच संपला. तोवर सगळ्यांचं भिजून झालं होतं, राहिलं होतं एकच वावर, तोंडाशी असलेलं. गहू चिकात होता, दाणा भरायचा राहिला होता. लोक म्हणाले, "दाजी, एका दिसाचा तर सवाल हाय, घ्या की. कोन बघायलंय?" साडूभाऊंनी शिट्टी मारली, लाल झेंडी लावली आणि गेट पाडलं. "कोटा संपला," म्हणाले. झाडाखाली बसून गावानं ते पाहिलं, आणि आधीच देवमाणूस म्हणून ओळखला जाणारा माणूस त्या दिवशी आणखी वीतभर उंच झाला. माझ्या पोत्यानं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते काढून टाकलं. साडूभाऊंच्या तीन एकरांतला गहू मात्र जिऱ्यासारखा निघाला. अक्कानं एक सूपभर आमच्याकडे पाठवला आणि सांगितलं, "औंदा असाच हाय, राग मानू नगा."

महिन्याभरानं बैठक झाली. कार्यालयाचा माणूस कागद बघून म्हणाला, "तुमच्या गावानं सगळं पाणी उचललेलंच नाही. शिल्लक होतं." साडूभाऊंनी रजिस्टर उघडलं, एकेक ओळ बोटानं खाली नेली, पुन्हा वरून नेली. मग म्हणाले, "मंग मीच चुकलो. माजे डोळे गेले." आणि गेटची किल्ली टेबलावर ठेवली. जे वाक्य ऐकायला मी पोतं टाकलं होतं ते मला खुद्द त्यांच्याच तोंडून मिळालं. ते ऐकून कुणीही हसलं नाही. लोकांनी किल्ली नाइलाजानं माझ्यापुढे सरकवली, कारण नियम मला पाठ होते.

परभणीच्या डॉक्टरांनी साडूभाऊंना सांगितलं की वयाच्या मानानं नजर उत्तम आहे. त्यांना पटेना. "डॉक्टरला मी अक्षरं वाचून दाखवली," ते म्हणाले, "पानी वाचून न्हाई दाखवलं." शिट्टी त्यांनी खुंटीला लावली. रस्ता ओलांडताना अक्काचा हात धरू लागले. फळ्यासमोर उभे राहून शेजाऱ्याला विचारायचे, "काय लिव्हलंय बरं?" पौर्णिमेला विहारात चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की माझा आवाज बसे. लोक पाणी आणून देत.

यंदा रब्बीचं पहिलं आवर्तन सुटलं तेव्हा मी त्यांना बळंच मोजपट्टीशी नेलं. "किती दिसतंय?" ते म्हणाले, "मला कशाला इचारता?" तरी वाकले, आकडा सांगितला. मी पोतं भरून आणलं होतं, ते त्यांच्यासमोर अरुंद भागात लोटलं. पाणी तुंबलं, पट्टीवर चार बोटं चढलं. साडूभाऊंनी वाकून पट्टीवर चार बोटं लावून पाहिली. मग मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी एवढंच विचारलं, "म्हंजे डोळे बरे हायत?" मी मान हलवली. ते चारीच्या काठावर बसले. "गुरुजी," म्हणाले, "आठ म्हैने मी बायकोला धरून चालायलोय." आणि थोड्या वेळानं, पोतं बाहेर ओढताना, "हे कुनाला सांगू नगा. तुमी शाळंत शिकिवता. लेकरं काय म्हनतील? मी सांगतो चष्मा बदलला." त्या क्षणीसुद्धा, खरं सांगतो, मला त्यांचा हेवा वाटला.

चष्म्याची गोष्ट गावाला पटली. किल्ली पुन्हा त्यांच्याकडे गेली, शिट्टी वाजू लागली. पण पूर्वी ते मोजपट्टी एकदा बघत आणि लिहीत. आता बघतात, लिहितात, पुन्हा वाकून बघतात, आणि शेजारी कोणी असेल तर हळूच त्यालाही बघायला लावतात. एक अख्खं आवर्तन मी ते पाहिलं. मग पाळी संपल्यावरच्या बैठकीत साडूभाऊ मला डोळ्यांनी नको नको म्हणत असताना मी उठलो. समोर माझे जुने विद्यार्थी होते, अक्का होती, माझी बायको होती.

"दाजी गेल्या वर्षी चुकले नव्हते," मी म्हणालो. "चारीत पोतं मी टाकलं होतं. त्यांचं एकदा तरी चुकावं असं मला वाटत होतं, म्हणून. अक्का, तुमचा गहू माझ्यामुळे गेला. साडूभाऊ, तुमची नजर चांगली आहे, पहिल्यापासून चांगली होती. मला माफ करा."