वन्संच्या गाण्यातला भोंगा

भोंगा वाजला आन् माझ्या हातातलं हळदीकुंकवाचं तबकच पडलं. अवेळी भोंगा म्हंजे कंपनीत कुणाला तरी लागलं, आमच्या कॉलनीत शेंबड्या पोरालाबी ठाव. आन् आमचे मालक तर सेकंड शिफ्टला! तान्हीला काखेत मारलं आन् सुटले गेटाकडं. मागनं अख्खं हळदीकुंकू, कुणाच्या पायात चप्पल न्हाई, कुणाच्या वटीतले गहू सांडत्यात.

अवो, आमच्या नणंदबाईंसारखं माणूस चिंचवडापास्नं चाकणपतुर दुसरं घावायचं न्हाई! वन्सं आन् त्यांच्या दोन मैत्रिणी हळदीकुंकवाला, बारशाला गाणं म्हणायच्या, लोक म्हणायचे पोपटी पार्टी. तिघींच्या रिबिनी पोपटी, झंपर पोपटी, वन्संनी तर आमच्या तान्हीचं झबलंबी पोपटी रंगवलं. गाणं एकच, पण काय चाललं म्हणता! पोरगी डबा घेऊन कंपनीच्या गेटाशी उभी, तिचा मोटारसायकलवाला काय बाहेर येत न्हाई, भोंगा होतो, डबा गार. पार दापोडीपास्नं बोलावणी. नळावर बाया गाणं म्हणत रडायच्या, हंडा भरून वाहिला तरी कळायचं न्हाई. वन्संना मात्र समाधान न्हाई. एकदा भाकरी थापता थापता गाण्यातल्या पोराला टायफाइडनं मारून बघितलं. मग म्हणल्या, "न्हाई वैनी, भोंगाच पायजे. खराखुरा. दुःखात भेसळ नको."

म्हणून त्या दिवशी हळदीकुंकवात गाणं व्हतं तवा लढाईच्या वक्ताचा, हातानं फिरवायचा भोंगा वाचमनमामांकडनं आणून त्यांनी पडद्यामागं दडवला व्हता. आमाला काय ठाव!

गेटावर आमी बोंबलतोय, तर मालक ऑइलच्या हातानं धडधाकट बाहेर! "अगं, काय झालं?" मी त्यांचा सदरा धरून नुसती रडले. तेवढ्यात वन्सं पळत आल्या, रिबीन सुटलेली, चेहरा फुललेला.

"वैनी! सगळ्या रडल्या ना?"

"गाणं बंद!" मालक म्हणाले.

वन्संचं तोंड असं उतरलं, माझाच जीव कळवळला. म्हणलं, "गाऊ द्या वो. पर भोंगा नको."

"दादा, भोंग्याबिगर त्यो मरंल कसा?"

"मग मारू नगंस त्याला!"

झालं. तवापास्नं गाण्यातला पोरगा हसत बाहेर येतो आन् डबा खातो. वन्संनी डब्यात वांग्याचं भरीतबी घातलं, तरी कोण रडंना, कोण बोलवीना. मैत्रिणींची लग्नं झाली. वन्सं एकट्याच गात्यात, पर त्यो जेवाय बसला की घास वन्संच्याच घशात अडकतो.

आज वन्संना हळद लागली. उद्या आळंदीला लग्न. मैत्रिणी आल्यात, तिघी आतल्या खोलीत पोपटी रिबिनी बांधून बसल्यात. वन्सं हळदीच्या हातानं माझा पदर धरून म्हणत्यात, "वैनी, एकदाच. एकदाच मारू द्या त्याला. भोंगा न्हाई, नुसतं तोंडानं. परत न्हाई मागायची."

मालकांची रजा उद्यापास्नं. आज गेलेत कामावर, सेकंड शिफ्टला.

माझे कान कंपनीच्या भोंग्याकडं लागलेत, आन् तिघी माझ्या तोंडाकडं बघत्यात. बायांनो, तुमी काय म्हणला असता?