हेमरबाईंचे शनिवार

जर्मनीतल्या पिर्मासेन्स गावच्या बुटांच्या कारखान्यात सोमवारची सकाळ कामाची कमी आणि गप्पांची जास्त असायची. शिवणयंत्रांच्या रांगेत बसलेल्या बायका चामड्याचे तुकडे सुईखाली सरकवता सरकवता शनिवार-रविवारची उजळणी करायच्या. सप्टेंबर लागला की मग तर विचारूच नका. कुणी नवऱ्याबरोबर द्राक्षमळ्यांच्या गावात जाऊन नवी, अजून फसफसणारी वाइन पिऊन आलेली असायची. कुणी किल्ल्यावर चढून पाय सुजवून घेतलेले असायचे. कुणाला खाणावळीत कांद्याचा केक करपलेला मिळालेला असायचा आणि ती ते अगदी चवीनं सांगायची.

रोस्विथा हेमर मान खाली घालून शिवत राहायची.

"आणि तुम्ही गं?" शेजारच्या यंत्रावरची लिओबा विचारायची.

"आम्ही कुठले! विनफ्रीड झोपला होता."

विनफ्रीड तिचा नवरा. तो बस चालवायचा. शहरातली नाही, गावोगावची. जंगलातून, द्राक्षमळ्यांमधून, किल्ल्यांच्या पायथ्यांवरून वळणं घेत जाणारी. ज्या जागांची नावं रोस्विथा सोमवारी बायकांच्या तोंडून ऐकायची, त्या सगळ्यांवरून तो आठवडाभर येजा करायचा. त्यामुळे शनिवारी ती म्हणाली की, चल ना, कुठं तरी जाऊ, पानं लाल झालीत म्हणतात, तर तो सोफ्यावरून मान न उचलता म्हणायचा, "झालीत. मी बघितलीत. काल चार वेळा बघितलीत."

"मी नाही ना बघितली."

"रोस्विथा, आठवडाभर त्या चाकामागं बसतो मी. सुट्टीच्या दिवशीही त्याच रस्त्यानं जाऊ? रिटायर झालो की दर शनिवारी नेतो तुला. दर शनिवारी. एकही चुकवणार नाही."

हे त्यांचं लग्न होऊन दोन-तीन वर्षं झाली तेव्हाचं. मूल झालं नाही. दोघांनी ते फार बोलून दाखवलं नाही. ती शिवत राहिली, तो चालवत राहिला, आणि मधले शनिवार सोफ्यावर गेले. रोस्विथाला त्याचा राग यायचा, पण तो टिकायचा नाही, कारण पुढं काहीतरी ठेवलेलं होतं. कारखाना बंद पडायला लागला, एकेका बाईला घरी पाठवलं जाऊ लागलं, तेव्हा बाकीच्या रडल्या. रोस्विथा लिओबाला म्हणाली, "जाऊ दे. विनफ्रीडचीही तीनच वर्षं राहिलीत. मग आम्ही फिरणार."

तो रिटायर झाला तो ऑगस्टच्या अखेरीस. निरोपसमारंभात त्याच्या साहेबानं भाषण केलं. म्हणाला, "हेमरची बस आली की गावातले लोक घड्याळं लावायचे. एवढ्या वर्षांत हा माणूस कुणासाठी थांबला नाही." सगळे हसले, टाळ्या वाजल्या. रोस्विथानंही वाजवल्या. विनफ्रीडचा चेहरा अभिमानानं लाल झालेला तिनं पहिल्यांदाच पाहिला.

आणि त्यानं शब्द पाळला. पहिल्याच शनिवारी सकाळी गाडी धुऊन-पुसून दाराशी उभी. रोस्विथानं कपाटातून निळा कोट काढला, केस बसवले, ओठांना रंग लावला. शेजारची बाई खिडकीतून म्हणाली, "काय मज्जा आहे बाई तुमची!"

पहिलं गाव आलं. द्राक्षांचे वेल पिवळे पडलेले, रस्त्याकडेला ट्रॅक्टर, हवेत आंबूस वास. रोस्विथा उतरली आणि उभी राहिली. विनफ्रीडनं घड्याळ बघितलं.

"बघितलंस?"

"आत्ताच तर उतरलोय."

"चर्च ते. विहीर ती. झालं. पुढच्या गावात जेवण. बाराच्या आत पोचलो तर टेबल मिळेल, नाहीतर मानहाइम शहरातले लोक येतात झुंडीनं."

टेबल मिळालं. तिनं मेन्यूकार्ड उघडायच्या आत त्यानं दोघांसाठी कलेजीचे गोळे आणि आंबवलेला कोबी सांगून टाकला, कारण ते लवकर येतं. तिला भोपळ्याचं सूप हवं होतं. ती म्हणालीही. तो म्हणाला, "सूपनं काय होतंय?" ताट रिकामं झाल्याबरोबर तो उठून उभा राहिला, हातात तिचा कोट. वाइन अर्धी राहिली. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं कौतुकानं पाहिलं. नवरा बायकोला कोट घालतोय म्हणून.

असे तीन शनिवार गेले. कुठं किल्ला गाडीतूनच दाखवला, कुठं लाल खडकांच्या सुळक्यांपाशी गाडी वळवली पण थांबवली नाही. घरी पोचल्यावर तो खूश असायचा. "आज पाच ठिकाणं झाली," म्हणायचा. रोस्विथाला कळेना की आपल्याला काय होतंय. मागितलेलं मिळालं होतं. मग तोंड आंबट का? गाडीत दोघांना बोलायला काही नव्हतं हेही याच महिन्यात तिच्या लक्षात आलं. घरी निदान रेडिओ असायचा.

चौथ्या शनिवारी ते बिर्केनथालला गेले. गाव लहान. वर जंगलात पडका किल्ला, खाली बसचा थांबा, त्यासमोर खाणावळ. गाडी थांब्याशेजारी लावून विनफ्रीड म्हणाला, "इथून दिसतो बघ किल्ला."

"मी वर जाऊन येते," रोस्विथा म्हणाली. कसं कोण जाणे, तिच्या तोंडून निघून गेलं.

"वर काय आहे? दगड."

"असू देत दगड. तू पण चल."

"माझे गुडघे बघ. जा तू. पण तीनला निघायचंय. तीन म्हणजे तीन."

पर्स सीटवर ठेवून ती कोटाच्या खिशात हात घालून चालायला लागली. चढ सोपा नव्हता, पण ती चढली. वर वारा होता आणि माणसं फारशी नव्हती. टेकड्यांमागं टेकड्या, सगळ्या तांबूस. कारखान्यातल्या बायका सांगायच्या तसंच होतं. नाही, त्याहून जास्त होतं. ती कठड्याला टेकून उभी राहिली आणि बऱ्याच दिवसांनी तिला कुणाशीच भांडावंसं वाटलं नाही.

उतरताना वाटेवर चेस्टनट पडलेले दिसले. काटेरी सालं फुटून आत तुळतुळीत फळं. लग्नाच्या आधी एकदा विनफ्रीडनं तिला जत्रेत कागदाच्या पुडीतून भाजलेले चेस्टनट दिले होते, सोलून दिले होते, आणि बोटं पोळली म्हणून फुंकर मारत हसला होता. ते तिला आठवलं. तिनं गळ्यातला रुमाल सोडला आणि वेचायला लागली. रात्री भाजू, त्याला आवडतात, तो खूश होईल. बोटांत काटे घुसले, गुडघे मातीनं भरले. रुमाल भरला तेव्हा खाली चर्चची तीनची घंटा झाली. ती जवळजवळ पळतच उतरली.

थांब्याशेजारी गाडी नव्हती.

आधी तिला वाटलं, वळवायला पुढं नेली असेल. ती वळणापर्यंत गेली. मागं आली. मग वाटलं, गंमत करतोय. पण विनफ्रीडनं आयुष्यात गंमत केलेली नव्हती. गाडी उभी होती तिथं डांबरावर तेलाचे दोन ठिपके होते, ओले. त्यांच्याकडं बघत ती बराच वेळ उभी राहिली. मग तिनं रुमालाची गाठ सोडली आणि सगळे चेस्टनट तिथंच ओतले. घरंगळत गेले ते रस्ताभर.

खाणावळीच्या मालकिणीनं दारातून पाहिलं असावं. तिनं काही न विचारता तिला आत घेतलं, बसवलं, फोन पुढं केला. रोस्विथानं घरी लावला. कुणी उचलला नाही. मालकिणीनं समोर गरम कांद्याचा केक आणि वाइनचा पेला ठेवला. "खा हो. चेहरा बघा तुमचा." रोस्विथाला वाटलं, घास उतरणार नाही. पण भूक लागली होती, तिनं खाल्लं. आणि केक फार चांगला होता. लोण्यात परतलेला कांदा, वर जिऱ्याचा वास. हेच तिच्या मनाला जास्त लागलं.

परत फोन लावला. या वेळी उचलला.

"हेमर."

"विनफ्रीड, तू कुठं आहेस?"

"कुठं म्हणजे? घरी."

"आणि मी?"

"तू आली नाहीस. तीन वाजले होते."

"मी उतरतच होते. घंटा झाली तेव्हा मी वाटेवरच होते."

"मी काय म्हणालो होतो? तीन म्हणजे तीन."

"मला न्यायला ये."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. रोस्विथाला आशा वाटली. मग तो म्हणाला, "येऊन काय करू? सव्वापाचची बस आहे तिथून. समोरच थांबा आहे. मी तिथं पोचेपर्यंत ती तुला घेऊन अर्ध्या रस्त्यात असेल."

"पर्स तुझ्याकडं आहे."

"पर्सचं काय एवढं? आज डीटर असतो त्या गाडीवर. माझं नाव सांग. हेमरची बायको म्हण. बसवेल तो."

तिनं फोन ठेवला. मालकीण पेले पुसत होती, पण एकच पेला कितीदा पुसणार? शेवटी म्हणाली, "माझा नवरा होता तो निदान प्यायचा तरी. त्याला कारण होतं."

बस वेळेवर आली. डीटर जाडजूड, गालापर्यंत कल्लेदार मिशा. रोस्विथानं पायरीवर उभं राहून सांगितलं, "मी हेमरची बायको. विनफ्रीड हेमरची."

"अरे वा! हेमरबाई! आणि विनफ्रीड कुठाय?"

त्याचं पोट बिघडलंय, असं सांगायचं तिनं ठरवलं होतं. थांब्यावर उभी असताना ती तेच घोकत होती. पण बोलली ती खरं. "तो मला इथं सोडून गेला. मला उशीर झाला म्हणून."

डीटर खो खो हसत सुटला. "बायकोलासुद्धा! अहो ऐकलं का, विनफ्रीडनं बायकोलासुद्धा सोडलं नाही! म्हणजे सोडलं!" मागं बसलेले लोक हसले. पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं मांडीवर थाप मारली. "त्यानं मलाही एकदा असंच ठेवलं होतं, पावसात, हातात केकचा डबा." बस सुरू झाली. गावागावाला माणसं चढत होती आणि प्रत्येकाला डीटर नव्यानं सांगत होता. कुणी वाईट नव्हतं त्यात. सगळ्यांना विनफ्रीडचं कौतुकच वाटत होतं. रोस्विथा खिडकीकडं तोंड करून बसली. बाहेर अंधारत चाललेलं, काचेत तिचाच चेहरा.

घरी तो स्वयंपाकघरात पाव खात बसला होता. पर्स टेबलावर नीट ठेवलेली.

"आलीस? बघ, बस आली ना वेळेवर?"

"विनफ्रीड, तुला एकदाही मागं फिरावंसं वाटलं नाही?"

तो खरंच विचारात पडला. "वळणावर आरशात बघितलं मी. तू नव्हतीस." मग जरा चिडून म्हणाला, "एकदा निघालेली गाडी मागं फिरवतात का कुणी?"

"मी प्रवासी होते का तुझी?"

"मग काय करत होतीस वर एवढा वेळ?"

तिनं सांगितलं नाही. कोट खुंटीला लावला आणि भांडी घासायला घेतली.

पुढच्या शनिवारी गाडी पुन्हा दाराशी. "चल, आवर." आणि रोस्विथा गेली. लिओबाला हे कधीच पटलं नाही. पण रोस्विथा एक गोष्ट करायची. ती उतरायची नाही. द्राक्षमळे आले, किल्ले आले, खडक आले, तळी आली. ती मांडीवर पर्स धरून पट्टा लावून बसून राहायची. विनफ्रीड सुरुवातीला म्हणायचा, "उतर की." ती म्हणायची, "इथून दिसतंय." मग तो एकटाच खाली उतरून हात मागं बांधून उभा राहायचा, घड्याळ बघायचा, परत यायचा. जेवायला मात्र ती आत जायची. तो सांगेल ते खायची, आणि त्याच्या आधी संपवायची.

"मग जातेस तरी कशाला?" लिओबानं एकदा चिडून विचारलं.

"घरी राहिले तर दिवसभर माझ्यासमोर बसेल. गाडी चालवताना निदान रस्त्याकडं बघतो."

अशी सात पानगळी गेली. विनफ्रीडनं एकही शनिवार चुकवला नाही. गल्लीतल्या तरुण बायका आपल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण द्यायच्या. आठव्या वर्षी फेब्रुवारीत, गॅरेजसमोरचा बर्फ काढताना तो खाली बसला आणि उठला नाही. दफनाच्या वेळी डीटर आला होता, साहेब आला होता, शेजारची बाई आली होती. रोस्विथाचा हात हातात घेऊन ती म्हणाली, "तुम्हाला शेवटची वर्षं तरी छान मिळाली. किती फिरलात दोघं!"

"हो," रोस्विथा म्हणाली. "फिरलो."

ती रडली. ते कुणासाठी होतं हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

त्या सप्टेंबरात लिओबानं तिचं काही चालू दिलं नाही. "आता कारणं सांगू नकोस. बसनं जाऊ, दोघीच, पाहिजे तेवढं बसू." त्या द्राक्षमळ्याच्या एका गावात उतरल्या. खाणावळीच्या अंगणात ऊन होतं, टेबलांवर वेलींची पानं पडलेली. रोस्विथानं भोपळ्याचं सूप मागवलं. आलं तेव्हा वाफाळत होतं, वर मलईची रेघ. लिओबा कारखान्यातली कुठली तरी जुनी गोष्ट सांगत होती, मध्येच स्वतःच हसत होती, तिचा चमचा अजून हातातच होता. ती थांबली.

रोस्विथाचा वाडगा रिकामा होता. जीभ पोळल्यामुळे डोळ्यांत पाणी आलं होतं. ती उभी होती आणि कोटाची वरची गुंडी लावत होती.

"अगं, कुठं जायचंय आपल्याला?" लिओबानं विचारलं.

रोस्विथानं तिच्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडं. "कुठं नाही," ती म्हणाली आणि परत बसली. कोट तिनं काढला नाही. लिओबाचं खाऊन होईपर्यंत ती तशीच बसून राहिली, खुर्चीच्या कडेला, रस्त्याकडं बघत.